ग्रेगोरियन गायन : पाठांतर, पोथी आणि परभाषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प आम्ही गुंफावे असे कार्यकारिणीने कळविले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली होती. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी मंडळींपुढे बोलावयाचे म्हणजे शिवचरित्र, संतवाङ्मय किंवा नाट्यसंगीत, असा एक रूढ प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. आज मात्र आम्ही मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती मठांत लॅटिन भाषेत होत असलेल्या उपासनागायनाविषयी बोलणार आहोत. त्याला सामान्यतः ग्रेगोरियन गायन असे म्हणतात. आम्ही संगीतज्ञ नाही, लॅटिनचे पंडित तर नाहीच. बी. ए.ची पदवी, केंद्र सरकारची नोकरी आणि त्या नोकरीने घडविलेली देशभरची भ्रमंती, एवढीच आमची शिदोरी. विषय परका वाटला, तरी तो निवडण्याचे कारण मात्र घरचेच आहे.

दर गणेशोत्सवात आपल्या मंडळात एक वाद निघतो, तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्या मुलांना मराठी बोलता येते, वाचता येतेच असे नाही. म्हणून आरत्यांची पुस्तिका रोमन लिपीत काढावी लागते. मुले खणखणीत आवाजात आरत्या म्हणतात, अथर्वशीर्षही म्हणतात. त्यावर एक पक्ष म्हणतो, ज्याचा अर्थ ठाऊक नाही ते म्हणून काय उपयोग? त्यापेक्षा मुलांना कळेल अशा भाषेत प्रार्थना द्या. दुसरा पक्ष म्हणतो, आधी जिभेवर बसू द्या, अर्थ मागाहून येईल. हाच प्रश्न विसाव्या शतकात एका फार मोठ्या आणि फार जुन्या संस्थेपुढे उभा राहिला होता. तिने त्याचा निकाल लावला, आणि त्या निकालाने हजार वर्षांचे एक गायन कोट्यवधी लोकांच्या कानांतून काही वर्षांतच नाहीसे झाले. ते गायन काय होते, हे आधी पाहू.

ग्रेगोरियन गायनाचे पहिले लक्षण म्हणजे त्यात कितीही कंठ असोत, स्वरपंक्ती एकच. वीस गाणारे असले तरी सगळे एकच चाल एकाच वेळी गातात. पाश्चात्त्य संगीत म्हटले की अनेक स्वर एकत्र वाजण्याची जी कल्पना आपल्या मनात येते, ती येथे नाही. मूळ गायनाला वाद्याची साथ नाही, आधाराला तंबोऱ्यासारखेही काही नाही. ताल नाही. मात्रा मोजून सम गाठण्याचा प्रकार नाही. शब्दांचा उच्चार जसा वाहील तशी चाल वाहते आणि वाक्य संपते तेथे विसावते. आपल्या कानाला हे गायन परके न वाटण्याचे कारण हेच असावे. स्वरसंवादाच्या गुंतागुंतीची सवय नसलेला आपला माणूस सिंफनीपुढे भांबावतो, पण या गायनापुढे स्वस्थ बसू शकतो.

दुसरे लक्षण असे, की हे गायन मैफलीसाठी नाही, श्रोत्यांसाठीही नाही. सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. तिच्यात दिवसरात्रीच्या प्रार्थनांचे आठ प्रहर बांधून दिले आहेत. आपल्याकडे पंढरपुरी काकड्यापासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस जसा आखलेला असतो, तसाच हा माणसांचा दिवस. मध्यरात्र उलटल्यावर उठून पहिली प्रार्थना, उजाडताना दुसरी, आणि असे करीत निजण्यापूर्वीची शेवटची. या प्रार्थनांचा गाभा म्हणजे बायबलातील दीडशे स्तोत्रे. ती सारी आठवड्याभरात एकदा गाऊन झालीच पाहिजेत, असा बेनेडिक्टांचा दंडक होता. आपले पूर्वज हे काम एका दिवसात उरकीत, आपण आळशी माणसे निदान आठवड्यात तरी पुरे करू, अशा अर्थाची एक मिस्कील ओळही त्यांनी त्या नियमावलीत लिहून ठेवली आहे.

ही स्तोत्रे गाण्याची रीत अगदी साधी आहे. मठवासी दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात, दिंडीतले टाळकरी दोन रांगांत उभे असतात तसे. एक ओळ एका बाजूने म्हणावयाची, पुढची दुसऱ्या बाजूने. ओळीचा बहुतेक भाग एकाच स्वरावर चालतो. मध्यावर किंचित वळण येते, तेथे सर्वजण एका श्वासाएवढे थांबतात. मग उत्तरार्ध आणि शेवटी स्वर खाली उतरून ओळ संपते. आपल्याकडे घरोघरी पोथी वाचण्याची जी चाल असते, तिच्या जवळपास जाणारा हा प्रकार आहे. आम्हांला या सगळ्यात तो मधला विराम सर्वांत मोलाचा वाटतो. त्या क्षणी कोणी गात नसतो आणि तरीही गाणे चालू असते.

याच्या दुसऱ्या टोकाला फार अवघड आणि अलंकृत गायनही आहे. मिस्सेच्या उपासनेत शुभवर्तमानाच्या वाचनापूर्वी 'अलेलुया' हा हिब्रू शब्द गातात, आणि त्याच्या अखेरच्या 'या' या अक्षरावर कित्येक स्वरांची लांबच लांब माळ ओवली जाते. शब्द संपलेला असतो, आकार उरतो. संत ऑगस्टिन यांनी चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात याविषयी मार्मिक लिहिले आहे. शेतात वा द्राक्षमळ्यात काम करणारी माणसे आनंदाने गाऊ लागतात, आरंभी शब्द असतात, पण आनंद शब्दांत मावेनासा झाला की शब्द टाकून नुसता नाद उरतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आलापीच्या देशात जन्मलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

चालींचे वर्गीकरण आठ प्रकारांत केले जाई. प्रत्येक प्रकाराला ठरलेला विश्रांतिस्वर आणि ज्यावर पठण चालते असा एक मुख्य स्वर. हे ऐकताच आपल्याला वादी स्वर, न्यास स्वर आठवतात आणि 'हे तर आपलेच राग' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. रागामध्ये गायक क्षणोक्षणी नवी रचना करीत असतो. येथे चाल ठरलेली आहे आणि गाणाऱ्याने तिच्यात आपले काही घालावयाचे नाही.

आता नावाविषयी. पोप पहिले ग्रेगरी हे ५९० ते ६०४ या काळात रोमच्या गादीवर होते. पवित्र आत्मा कबुतराच्या रूपाने त्यांच्या खांद्यावर बसून कानात चाली सांगत असे आणि ते लेखनिकाकडून त्या उतरवून घेत, अशी आख्यायिका आहे; जुन्या पोथ्यांत तशी चित्रेही आहेत. इतिहास निराळे सांगतो. आठव्या शतकाच्या मध्यास पोप दुसरे स्टीफन लष्करी मदत मागण्यासाठी आल्प्स पर्वत ओलांडून फ्रँकांचा राजा पेपिन याच्याकडे गेले. पेपिनने रोमची उपासनापद्धती आपल्या राज्यात लागू केली आणि त्याचा पुत्र शार्लमेन याने ७८९ साली हुकूमच काढला, की सर्वत्र रोमन पद्धतीचेच गायन झाले पाहिजे. राज्य एकसंध करावयाचे तर उपासना एकसंध हवी, हा त्यामागील विचार.

बंधुभगिनींनो, आम्ही उभी हयात सरकारी कचेरीत घालविली आहे. वरून परिपत्रक निघाले आणि खाली त्याची अंमलबजावणी जशीच्या तशी झाली, असे आम्ही क्वचितच पाहिले. शार्लमेनच्या हुकुमाचेही तेच झाले. त्या काळी चाली लिहिण्याची सोय नव्हती. रोमहून गायक यावयाचे आणि तोंडाने शिकवावयाचे. पुढे नवव्या शतकात रोमच्या बाजूने जोहान्स डीकन या लेखकाने लिहिले, की उत्तरेकडच्या या लोकांचे गळेच असे, की पायऱ्यांवरून गाडा गडगडत यावा तसा त्यांचा आवाज. त्यांना आमच्या नाजूक चाली कशा पेलणार? उलट सेंट गाल येथील एका मठवासीयाने लिहिले, की रोमहून पाठविलेल्या बारा गायकांनी मत्सरापोटी संगनमत करून प्रत्येक ठिकाणी मुद्दाम वेगवेगळे शिकविले! खरे कोणाचे, याचा निवाडा आता होणे नाही. निष्पन्न झाले ते असे, की रोमन चाली आणि फ्रँकांच्या स्थानिक चाली यांचे मिश्रण होऊन एक तिसरेच गायन तयार झाले, आणि त्याला प्रतिष्ठा यावी म्हणून ग्रेगरींचे नाव लागले. आज ज्याला आपण रोमचे गायन समजतो, ते बव्हंशी आल्प्सच्या उत्तरेला घडलेले आहे. घरापासून दूर गेलेल्या वस्तूवर नव्या जागेचे संस्कार होतात आणि पुढे तीच अस्सल म्हणून मूळ घरी परत येते. हे गायनही पुढे रोमला परतले आणि तेथील जुने गायन त्याने मागे सारले.

पाठांतराचा हा भार किती जड होता, याची कल्पना सेंट गालच्याच नोत्करच्या हकिगतीवरून येते. वर सांगितलेली बारा गायकांची कथा लिहिणारा हाच. तो तोतरा होता; इतिहासात त्याचे नावच 'तोतरा नोत्कर' असे पडले आहे. लहानपणी अलेलुयाच्या त्या लांबलचक, शब्दहीन स्वरमाला त्याच्या ध्यानात राहत नसत. त्या कशा बांधून ठेवाव्यात, या विवंचनेत तो असे. पुढे फ्रान्समधील झ्युमिएज येथील मठ नॉर्मन लुटारूंनी उद्ध्वस्त केला आणि तेथील एक मठवासी आपली गायनपोथी घेऊन सेंट गालला आश्रयास आला. त्या पोथीत नोत्करने पाहिले, की काही स्वरमालांखाली शब्द बसविले आहेत. ते शब्द त्याला फारसे रुचले नाहीत, पण युक्ती मात्र रुचली. त्याने स्वतः रचना केल्या, आणि त्याचे गुरू इसो यांनी सांगितले, की प्रत्येक स्वराला एकेक अक्षर असू दे. ८८४च्या सुमारास त्याने आपल्या गीतांचा संग्रह सिद्ध केला. एका तोतऱ्या मुलाची अडचण आणि एका निर्वासिताची पोथी यांतून ख्रिस्ती उपासनेतील एक नवा गीतप्रकार रुजला.

चाली लिहिण्याचे प्रयत्न याच सुमारास सुरू झाले होते. सातव्या शतकात सेव्हिलचे इसिडोर यांनी म्हटले होते, की स्वर लिहिता येत नाहीत, म्हणून स्मरणात धरले नाहीत तर ते नष्टच होतात. नवव्या-दहाव्या शतकांत शब्दांच्या माथ्यावर बारीक खुणा येऊ लागल्या. त्यांना न्यूम म्हणतात. स्वर वर जातो की खाली, हलका घ्यावयाचा की लांबवावयाचा, हे त्या खुणा दाखवीत. काही ठिकाणी 'जलद', 'धरून ठेवा' अशा सूचनांची आद्याक्षरेही असत. फक्त एक गोष्ट त्यांतून कळत नसे, ती म्हणजे नेमका स्वर कोणता! ज्याला चाल आधीच येते त्याला आठवण करून देणे, एवढेच त्यांचे काम. आपल्या वैदिकांच्या पोथ्यांतील उदात्त-अनुदात्ताच्या खुणा गुरुमुखावाचून जशा अपुऱ्या, तशाच याही.

ही अडचण दूर केली आरेत्सोच्या ग्विदोने. हा इटलीतील मठवासी अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. त्याने आडव्या रेघा ओढून त्यांच्यावर आणि त्यांच्यामधील जागेत स्वर मांडले. एक रेघ तांबडी, एक पिवळी, म्हणजे नजर टाकताच स्वराची जागा ओळखू यावी. शिवाय मुलांना स्वर पाठ व्हावेत म्हणून त्याने बाप्तिस्मा करणारा योहान याच्या एका स्तोत्राचा उपयोग केला. त्या स्तोत्राच्या चालीत प्रत्येक चरणार्ध आधीच्यापेक्षा एक स्वर वरून सुरू होतो. त्या आरंभीच्या अक्षरांवरून उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावे आली. पुढे 'उत'चा 'दो' झाला. दहा वर्षांचे शिक्षण आपल्या पद्धतीने एका, फार तर दोन वर्षांत होते, असा ग्विदोचा दावा होता. मठातील सहकाऱ्यांना याचा आनंद व्हावा ना? पण त्यांच्या मत्सरामुळे त्याला पोंपोसाचा मठ सोडावा लागला, असे तो स्वतःच एका पत्रात लिहितो. पुढे पोप एकोणिसावे जॉन यांनी त्याला रोमला बोलावून घेतले. त्याची पोथी उलटताना, पूर्वी कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतःला गाता येईपर्यंत पोप महाराज जागचे हलले नाहीत. न ऐकलेले गाता येणे, हा त्या काळी चमत्कारच होता.

ग्विदोच्या चार रेघांच्या पुढे पाच झाल्या आणि त्या थेट आपल्या अंगणापर्यंत आल्या, हे येथे सांगितले पाहिजे. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि चर्चच्या जोडीने पॅरिश शाळा निघाल्या. तेथे मेस्त्रे मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलेखन वाचावयास शिकवीत, कारण उपासनेत लॅटिन गाणारे कंठ हवे असत. त्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या कागदावरील स्वर वाचणारे गोवेकर वादक तयार झाले, आणि विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीला मोठा वाद्यवृंद उभा करावयाचा झाला, तेव्हा हेच कामी आले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे जुन्या गाण्यांच्या शौकिनांना सांगावयास नकोत. 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यात गोन्साल्विस हे आडनाव प्यारेलाल यांच्या व्हायोलिनगुरूंच्या आदरापोटी आले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

लेखनाने गायन टिकले, पण लेखनाने काही हिरावूनही घेतले. रेघांवर स्वर नेमका बसला. हलके-जड, जलद-संथ सांगणाऱ्या त्या जुन्या बारीक खुणा मात्र हळूहळू गळून पडल्या. पंडित भातखंडे यांनी घराण्यांच्या चिजा लिपिबद्ध केल्या, हे त्यांचे ऋण न फिटणारे आहे. परंतु 'क्रमिक पुस्तकमालिका' समोर ठेवून कोणी गवई होत नाही, कारण मींड आणि आंदोलन कागदावर उतरत नाही. युरोपात तेच घडले. जोवर मठामठांत तोंडी परंपरा शाबूत होती तोवर कागदातील उणीव कंठ भरून काढी. ती सैल झाली तसतसे सर्व स्वर सारख्या लांबीचे, जड आणि ठोकळेबाज होत गेले. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर उपासनेची छाटणी झाली. नोत्करच्या परंपरेतील असंख्य गीतांपैकी अवघी चार ठेवण्यात आली. १६१४-१५ साली छापलेल्या रोमच्या गायनग्रंथात तर संपादकांनी जुन्या चालींच्या लांब स्वरमाला कापून, 'सुधारून' टाकल्या. सुधारणेचा उत्साह हा अनास्थेपेक्षाही घातक ठरू शकतो, असे आमचे प्रांजळ मत आहे.

या कहाणीतील सर्वांत उदात्त प्रसंग आम्हांला बाराव्या शतकातील वाटतो. ऱ्हाइन नदीकाठी बिंगेनजवळ हिल्डेगार्ड या विदुषीचा जोगिणींचा मठ होता. त्या स्वतः गीते रचीत, त्यांना चाली लावीत. आणि त्या चाली त्या काळच्या मानाने विलक्षण उंच भराऱ्या घेणाऱ्या आहेत. ११७८ साली, त्यांचे वय ऐंशी असताना, मठाच्या दफनभूमीत एका सरदाराला पुरण्यात आले. तो पूर्वी बहिष्कृत होता. मृत्यूपूर्वी त्याला क्षमा मिळाली होती, असे हिल्डेगार्ड यांचे म्हणणे. माइंत्सच्या धर्माधिकाऱ्यांनी हुकूम दिला, की प्रेत उकरून बाहेर काढा. हिल्डेगार्ड यांनी नकार दिला. तेव्हा मठावर बंदी आली. कोणती? गावयाचे नाही. दारे लावून, दबक्या आवाजात प्रार्थना नुसती वाचावयाची. त्या वृद्धेने बंदी पाळली, पण अधिकाऱ्यांना एक दीर्घ पत्र लिहिले. माणसाचा आत्मा मूळचाच सुरेल आहे, गाण्यात त्याला आपल्या हरवलेल्या घराची आठवण होते, आणि जे अविचाराने देवाचे स्तवन मुके करतात त्यांना परलोकी देवदूतांच्या गायनात स्थान मिळणार नाही, असा त्या पत्राचा आशय. ११७९च्या वसंतात बंदी उठली. त्याच वर्षी सप्टेंबरात हिल्डेगार्ड निवर्तल्या. शब्द तेच, प्रार्थना तीच, केवळ सूर काढून घेतला, तर ती शिक्षा होते, हे त्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होते, नाही का?

आता आधुनिक काळाकडे येऊ. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ मोडले गेले आणि तोंडी परंपरेचा उरलासुरला धागाही बहुतेक तुटला. १८३३ साली प्रॉस्पर गेरांजे या धर्मगुरूंनी सोलेम या गावी बेनेडिक्टांचा मठ पुन्हा उभा केला. तेथील मठवासीयांनी ठरविले, की छापील ग्रंथांवर विसंबावयाचे नाही, जुन्या पोथ्यांकडे जावयाचे. आपल्याकडे भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून पाहिल्या, त्याच जातीचे हे काम होते. १८८९ पासून मोक्करो यांनी जुन्या पोथ्यांची छायाचित्रे छापावयास आरंभ केला, आणि एकाच गीताची दोनशेहून अधिक पोथ्यांतील पाने शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिले, की शतकानुशतके दूरदूरच्या मठांत चाल मुळात एकच होती. १९०१ साली फ्रान्समधील कायद्यामुळे या मठवासीयांना देश सोडून इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर जावे लागले. १९२२ साली ते परतले. परक्या भूमीवरही त्यांचे काम थांबले नाही. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी या गायनाला उपासनासंगीताचा आदर्श म्हणून मान दिला आणि १९०८ साली सोलेमच्या संशोधनावर आधारलेला गायनग्रंथ व्हॅटिकनमधून निघाला.

आणि मग, हे सारे सिद्ध झाल्यावर जेमतेम पन्नास-साठ वर्षांत, गायनच गेले.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत केला. त्यात लॅटिन राखावी असे म्हटले आहे, लोकभाषांना वाव द्यावा असेही म्हटले आहे, आणि ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान असावे असे तर स्पष्ट म्हटले आहे. सरकारी मसुदे वाचण्याची सवय असलेल्या माणसाला अशा दस्तऐवजाचे पुढे काय होणार, हे सांगावे लागत नाही. ज्या वाक्याला लोकांचा रेटा होता ते अमलात आले, ज्याला नव्हता ते कागदावर राहिले. काही वर्षांतच जगभरच्या चर्चमधून लोकभाषेत उपासना होऊ लागली, आणि लॅटिन शब्दांसाठीच घडलेल्या त्या चाली शब्दांबरोबर गेल्या.

हे चुकीचे झाले काय? आम्हांला इतके सोपे उत्तर देता येत नाही. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी गीतार्थ मराठीत आणला, त्यांचे आम्ही वारस. आपल्या भाषेत देवाशी बोलता यावे, या हक्कासाठी मराठी संतांनी काय सोसले हे आपण जाणतो. ख्रिस्ती बाजूनेही हा विचार आपल्याकडे फार लवकर झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. लॅटिन उपासनेच्या काळातच लोकांना कळणारे काही हवे, हे त्यांनी ओळखले होते. तो ग्रंथ मराठी असून रोमन लिपीत छापलेला होता. आपल्या आरतीपुस्तिकेला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे!

त्या बदलाचे कर्ते पोप सहावे पॉल यांनाही गमावण्याची जाणीव होती. नोव्हेंबर १९६९ मध्ये नवी पद्धत अमलात येण्याच्या तोंडावर त्यांनी जाहीरपणे सांगितले, की आपण फार मौल्यवान असे काही, ग्रेगोरियन गायनासारखे अतुल धन, सोडून देत आहोत आणि याचे दुःख होणे साहजिक आहे. पण लोकांना प्रार्थना कळणे हे त्या राजवस्त्रांपेक्षा मोलाचे आहे. आम्हांला हे बोलणे प्रामाणिक वाटते. मात्र आमचा आक्षेप आहे तो 'हे किंवा ते' या मांडणीला. कळणे आणि जिभेवर असणे या दोन निराळ्या गरजा आहेत. एक भागविली म्हणजे दुसरी आपोआप भागत नाही. पोप महाशयांनाही पुढे तसेच वाटले असावे. कारण १९७४ साली त्यांनी जगभरच्या बिशपांना 'जुबिलाते देओ' नावाची एक लहानशी पुस्तिका भेट पाठविली. तिच्यात अगदी सोप्या, कोणालाही येतील अशा मोजक्या लॅटिन चाली होत्या. बाकी सारे आपापल्या भाषेत म्हणा, पण निदान एवढे तरी सर्वांना एकत्र गाता यावे, हा हेतू. पुस्तिका उत्तम होती. परंतु तोवर दहा वर्षे उलटली होती आणि ऐकून शिकण्याच्या वयातली एक पिढी हातची गेली होती. आमच्या मते ही पुस्तिका १९६४ साली निघावयास हवी होती.

पुढे एक विचित्र गोष्ट घडली. १९९४ साली स्पेनमधील सिलोस येथील मठवासीयांच्या, पूर्वीच केव्हा तरी मुद्रित केलेल्या गायनाच्या फिती आणि तबकड्या जगभर लाखोंनी खपल्या. आम्ही नोकरीत नवखे होतो. कचेरीतील एका स्नेह्याने दिलेल्या तशाच एका फितीवर आम्ही हे गायन प्रथम ऐकले. लोक ते मनःशांतीसाठी ऐकत, मोटार चालविताना ऐकत. ऐकणारे लाखो झाले, गाणारे मूठभर उरले. आजही सोलेमला मठवासी रोज गातात, आणखी काही मठांत, काही चर्चमधून हे गायन चालू आहे.

आपल्या वादापुरते आमचे मत आम्ही सांगून टाकतो आणि कार्यकारिणीने ते नोंदवावे ही विनंती. मुलांना अर्थ अवश्य सांगावा, हिंदीत सांगा, इंग्रजीत सांगा. पण दोन आरत्या, एक मंत्रपुष्पांजली आणि एखादा अभंग पुस्तिका न पाहता म्हणता येतील, एवढे मात्र आतापासूनच करावे, यंदाच्या गणपतीपासून. त्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावयास आम्ही तयार आहोत.

वेळ बराच झाला. आता आम्ही बोलणे थांबवितो आणि तीन गीतांचे ध्वनिमुद्रण लावतो. पहिले 'किरिए'. त्याचे शब्द लॅटिन नसून ग्रीक आहेत. लॅटिन उपासनेतही ते तसेच राहिले. दुसरे एक 'अलेलुया'; त्यात शब्द संपल्यावर काय होते तिकडे कान द्यावा. तिसरे 'साल्वे रेजिना' हे मरियेचे गीत, साध्या चालीतले. मठात दिवसाची शेवटची प्रार्थना झाली की ते गातात, आणि नंतर सकाळपर्यंत कोणी बोलत नाही. म्हणून ते संपल्यावर कृपया टाळ्या वाजवू नयेत. चहाची व्यवस्था बाहेरच्या दालनात केलेली आहे.